वॉर्डातला प्रश्न नीट विचारायला नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना कसं शिकवावं?

अबोली

नमस्कार. मी बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींना मेडिकल-सर्जिकल शिकवते आणि पोस्टिंगच्या वेळी त्यांच्याबरोबर वॉर्डातही असते. इथे स्टाफ नर्स आहेत, ग्रंथालयवाले आहेत, परदेशात काम करणाऱ्याही आहेत, म्हणून हा विषय इथेच काढतेय.

पोस्टिंग संपताना मी प्रत्येकाला सांगते, की वॉर्डात पडलेला एक प्रश्न लिहून आणा आणि त्याचं उत्तर ऑनलाइन शोधा. हाती काय येतं? 'बेडसोअर म्हणजे काय', 'मधुमेहाची लक्षणे', 'कॅथेटर केअरचे महत्त्व'. यातला एकही प्रश्न वॉर्डात पडलेला नसतो, सगळे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून उचललेले असतात. पाया म्हणून अशा प्रश्नांना जागा आहेच. पण खाटेवरच्या माणसासाठी आज हे करायचं की ते, हे त्यांच्यातून ठरत नाही.

याउलट एका मुलीने राउंड संपल्यावर मला गाठून विचारलं, "मॅडम, सात नंबरच्या आजोबांची व्हेनफ्लॉन (सलाइन-इंजेक्शनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी) छान चालली होती. सूज नाही, लाली नाही, त्यांना दुखतही नव्हतं. बहात्तर तास झाले म्हणून काढली. मग नवी लावायला शीरच सापडेना, तीनदा टोचावं लागलं. ती राहू दिली असती तर काय बिघडलं असतं?"

असा प्रश्न मला हवा असतो. त्यात रुग्ण आहे, केलेली गोष्ट आहे, न केलेली गोष्ट आहे आणि काय होईल याची काळजी आहे. १९९५ साली रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एसीपी जर्नल क्लब'मध्ये 'पिको'ची चौकट मांडली (पी म्हणजे रुग्ण, आय म्हणजे करायची गोष्ट, सी म्हणजे तुलना, ओ म्हणजे परिणाम), तिचे चारही भाग या मुलीने न शिकता बोलून दाखवले होते. मी तिला म्हटलं, "जशी बोललीस तसंच्या तसं वहीत लिही. इंग्रजी आत्ता नको."

माझं ठाम मत असं, की प्रश्न खाटेपाशी, आपल्या भाषेत, पूर्ण वाक्यात तयार व्हायला हवा आणि कॉम्प्युटर त्यानंतर. मुलं नेमकी उलटी जातात. आधी फोन काढायचा, दोन शब्द टाकायचे, वर जे येईल त्याला साजेसा प्रश्न मागाहून लिहायचा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात इन्फर्मेटिक्स दुसऱ्या सेमिस्टरला आहे आणि रिसर्च सातव्याला. प्रश्न पडतात ते मधल्या चार सेमिस्टरमध्ये, आणि तिथेच कुणी शिकवायला नसतं.

तुमच्याकडे हे कसं करतात? कोणती साधनं वापरता? मुलं नक्की कुठे अडतात?

रात्रपाळी

फार गरजेचा धागा. मी स्टाफ नर्स आहे, मेडिसिनच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. मॅडम, मुली प्रश्न का विचारत नाहीत याचं अर्धं कारण आम्ही आहोत, ते आधी सांगते. चाळीस खाटांना दोघी जणी, त्यात एक ॲडमिशन, एक ओटीला पाठवायचा, औषधाची वेळ झालेली. अशात विद्यार्थिनीने "सिस्टर, हे असं का?" विचारलं, की तोंडून निघतं, "असंच करतात, आधी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घे." ती पुन्हा विचारत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत तिला पक्कं कळतं, की वॉर्डात गप्प राहणारी विद्यार्थिनी चांगली.

दुसरी गोष्ट. समजा या मुलीला उत्तर सापडलं, की व्हेनफ्लॉन बहात्तर तासांनी बदलायची गरज नाही. पुढे काय? ती इनचार्ज सिस्टरांकडे जाऊन म्हणणार, की इंटरनेटवर असं आहे? इनचार्जला रुग्णालयाचा नियम पाळावा लागतो. उद्या हात सुजला तर नातेवाईक मुलीला विचारणार नाहीत, मला विचारतील. प्रश्न विचारायला शिकवताना त्याचं उत्तर कुठे न्यायचं हेही शिकवाल का?

टाचण

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. नर्सिंगची मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा सातव्या सेमिस्टरला, प्रबंधाचा विषय ठरवून, "सर, यावर आर्टिकल काढून द्या" म्हणत. तेव्हा उशीर झालेला असतो.

शोधण्याच्या बाजूने दोन-चार गोष्टी सांगतो. पबमेड, म्हणजे वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची, १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे, तरी निम्म्या मुलांना वाटतं त्याला लॉगिन लागतं. पहिली चूक म्हणजे पिकोचे चारही भाग एकदम शोधपेटीत ओतायचे. अख्खं वाक्य टाकलं की एक तर शून्य निकाल येतात, नाहीतर भलतेच. मी सांगतो, आधी फक्त पी आणि आय घ्या, म्हणजे रुग्ण आणि करायची गोष्ट. परिणाम शेवटी जोडा, किंवा जोडूच नका, कारण निबंधाच्या सारांशात प्रत्येक परिणामाचा उल्लेख असतोच असं नाही.

मग प्रत्येक भागासाठी दुसरी नावं लिहून काढा. बेडसोअरसाठी (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) 'प्रेशर अल्सर', 'प्रेशर इंजुरी', 'डेक्युबिटस अल्सर' अशी सगळी. एकाच गोष्टीची नावं 'ऑर'ने जोडायची, वेगळ्या गोष्टी 'अँड'ने. पबमेडमध्ये हे दोन्ही शब्द मोठ्या लिपीत टाकावे लागतात. एवढं झालं की 'ॲडव्हान्स्ड' पानावर जाऊन हिस्ट्रीतलं 'डिटेल्स' उघडायला लावतो. तुम्ही टाकलेल्या शब्दांचा पबमेडने काय अर्थ लावला हे तिथे उलगडून दिसतं. ज्या मुलांनी ते एकदा पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत फरक दिसतो. यंत्र आपलं म्हणणं समजून घेत नाही, ते ठरावीक विषयशब्दांशी जुळवतं, हे त्यांना तिथे कळतं.

'क्लिनिकल क्वेरीज' ही पबमेडचीच एक खिडकी आहे. उपचाराचा प्रश्न, निदानाचा, कारणाचा, पुढे काय होईल त्याचा, असे प्रकार तिथे निवडता येतात. त्यामागच्या गाळण्या कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या हेन्स यांच्या गटाच्या कामावर उभ्या आहेत. आपला प्रश्न कोणत्या प्रकारचा हे निवडताना मुलांना विचार करावाच लागतो, म्हणून शिकवायला मला ती आवडते.

पूर्ण मजकुराचं दुखणं मात्र खरं आहे. संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणारी सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. आपल्याकडची बरीच नर्सिंग कॉलेजं खासगी आहेत, त्यांच्या मुलांनी पबमेडमध्ये 'फ्री फुल टेक्स्ट'वर टिचकी मारावी. आणि कोक्रेन ही संस्था एकेका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासून आढावे काढते, त्यांचे साध्या भाषेतले सारांश सगळ्यांना मोफत वाचता येतात. तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला तेवढे पुरतात.

अबोली

टाचण, फार उपयोगी. 'डिटेल्स'चा वापर मी करत नव्हते, पुढच्या तासाला करते.

रात्रपाळी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीच्या शोधातच आहे, म्हणून तो सविस्तर सांगते. आम्ही तिचा प्रश्न असा लिहिला: 'वॉर्डात दाखल प्रौढ रुग्णांमध्ये शिरेतली कॅन्युला ठरावीक तासांनी बदलण्याऐवजी लक्षण दिसल्यावरच बदलली, तर शिरेची सूज आणि रक्तातला संसर्ग वाढतो का?' कोक्रेनवर थेट आढावा सापडला. २०१९ च्या आवृत्तीत ९ चाचण्या आणि ७,४१२ रुग्ण. शिरेची सूज आणि रक्तातला संसर्ग, दोन्हींत ठळक फरक नाही. त्याआधीची मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला झाली होती, २०१२ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ती आली. ३,२८३ रुग्ण, सुजेचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्के. तिच्या प्रमुख संशोधक क्लेअर रिकर्ड स्वतः नर्स आहेत. हे सांगितल्यावर वर्ग एकदम सावरून बसला. इतका मोठा प्रश्न नर्सने विचारावा आणि तो लॅन्सेटमध्ये छापून यावा, हे मुलांच्या कल्पनेतच नव्हतं.

इथे मुलगी थांबली असती. "मॅडम, मग काढायला नकोच होती." मी म्हटलं, आता याच्या विरुद्ध काही सापडतं का बघ. तिला जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांचा २०२१ चा निबंध मिळाला. तिथे दर ९६ तासांनी बदलायचा नियम सोडून लक्षणांवर जायचं ठरवलं. चार लाखांहून जास्त कॅन्युलांची नोंद त्यांच्याकडे होती. नियम सोडल्यावर रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण वाढलं, आणि नियम परत आणल्यावर ते उतरलं. शिवाय कोक्रेनचा आढावा तिने पुन्हा नीट वाचला तेव्हा लक्षात आलं, की नियमाने बदलल्यास औषध बाहेर झिरपणं आणि कॅन्युला बंद पडणं यांचं प्रमाण कमी होतं. पहिल्या वाचनात ते तिने ओलांडलं होतं, कारण तिच्या प्रश्नात ते परिणाम नव्हते.

मग तिने प्रश्न बदलला. लक्षणांवर बदलायचं तर लक्षणं बघणार कोण, आणि दिवसातून किती वेळा? चाळीस खाटांना दोघी असतील तर प्रत्येक हात प्रत्येक पाळीत उघडून पाहिला जातो का? तिने नव्याने लिहिलेल्या पी मध्ये 'ज्या वॉर्डात प्रत्येक पाळीत कॅन्युलाची जागा तपासून नोंदवली जाते' हे शब्द आले. सिस्टर, अशी मुलगी इनचार्जकडे नियम मोडा म्हणायला जाणार नाही. ती विचारेल, "आपण जागा किती वेळा बघतो, त्याची नोंद ठेवू का?" संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीत मांडता येईल असा तो प्रश्न आहे.

रात्रपाळी

असं असेल तर मी ऐकेन. नोंद ठेवायला विद्यार्थिनी तयार असतील तर कुठलीही इनचार्ज नाही म्हणणार नाही.

काजवा

मी सध्या सातव्या सेमिस्टरला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. मॅडमचं 'इंग्रजी आत्ता नको' हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे प्रश्न इंग्रजीतच लिहायचा असतो आणि व्याकरणाला मार्क जातात. मग मुली ज्या वाक्याचं इंग्रजी येतं तोच प्रश्न लिहितात. वॉर्डात डोक्यात आलेला प्रश्न तिथेच राहतो.

माझा एक अनुभव सांगते. पक्षाघाताचे एक काका होते, डावी बाजू पूर्ण गेलेली. दर दोन तासांनी पोझिशन द्यायची हे आम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. त्यांची बायको रात्री जवळ असायची. त्या म्हणाल्या, "पोरी, रात्रीत किती वेळा उठवता त्यांना? डोळा लागतो न लागतो तोच तुम्ही येता. चार तासांनी केलं तर नाही का चालणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवला आणि नंतर शोधला.

२०१३ चा एक अभ्यास सापडला, अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधला, ९४२ वृद्ध. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या गटांत बेडसोअरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मग आमच्या ट्यूटरने विचारलं, "त्यांची गादी कसली होती?" परत जाऊन बघितलं. सगळे जाड, दाट फोमच्या गादीवर झोपलेले. आमच्या काकांच्या खाली रेक्झिनची जुनी गादी होती, मध्ये खोलगट झालेली. म्हणजे ते उत्तर काकांसाठी नव्हतंच.

तरी शोध वाया गेला असं मला वाटत नाही. आधी माझ्या प्रश्नात फक्त तास होते, आता गादी आली, आणि ब्रॅडन स्कोअर (बेडसोअरचा धोका किती ते सांगणारे गुण) आला, कारण त्या अभ्यासात मध्यम आणि जास्त धोक्याचेच रुग्ण घेतले होते. काकूंना मी सांगितलं, की या गादीवर दोन तासच ठेवावे लागतील, आणि औषध, बीपी, कूस ही सगळी कामं एकाच वेळी करून मधली झोप मोडणार नाही असं बघू. रात्रीच्या सिस्टरांनी ते मानलं.

घाटमाथा

काजवा, तू फार चांगलं काम केलंस. काकूंचा प्रश्न तू त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलास, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी कम्युनिटी हेल्थ शिकवतो, म्हणून जरा वेगळा सूर लावतो. सगळं पिकोत बसवायची घाई नको. ती चौकट 'हे केलं तर काय होईल' अशा प्रश्नांसाठी आहे. गावात गेल्यावर निम्मे प्रश्न 'असं का होतंय' या जातीचे असतात.

एका घरभेटीत मावशींनी इन्सुलिनची बाटली मातीच्या छोट्या मडक्यात, ओल्या फडक्याखाली ठेवलेली दिसली. घरात फ्रीज नाही. माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, असं ठेवलेलं इन्सुलिन काम करतं का?" हा सरळ पिकोचा प्रश्न, आणि त्यावर चांगलं वाचायलाही मिळतं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतलं तापमान मोजलं आणि प्रयोगशाळेत तसंच, २५ ते ३७ अंशांत वरखाली ठेवून, इन्सुलिन चार आठवडे टिकतं असं २०२१ मध्ये दाखवलं. विदर्भातल्या मे महिन्यात घरातला पारा ३७ च्या वर जातो, तेव्हा ही मर्यादाही मुलांना दाखवावी लागते. मग मडक्यात थर्मामीटर ठेवून बघा म्हणायचं.

पण त्याच मावशी आठवड्यातून दोनदा इंजेक्शन टाळत होत्या. का? शेतावर जेवायची वेळ नक्की नसते आणि मागे एकदा साखर उतरून चक्कर आली होती, म्हणून भीती. याला तुलना नाही, मोजायचा परिणाम नाही. इथे माणूस कोण, त्याचा अनुभव काय आणि तो कोणत्या परिस्थितीत, एवढे तीनच भाग लागतात. शोधतानाही चाचण्यांची गाळणी लावली तर काहीच मिळत नाही, मुलाखतींवरचे अभ्यास शोधावे लागतात. मुलांना फक्त पिको शिकवली तर ती हा दुसरा प्रश्न प्रश्न म्हणून ओळखणारच नाहीत. नर्सच्या हातात मात्र हाच जास्त येतो.

टाचण

घाटमाथा, पूर्ण सहमत. पबमेडमध्ये अशा वेळी 'क्वालिटेटिव्ह रिसर्च' हा विषयशब्द जोडून बघायला सांगा.

थेम्सकाठ

मी मूळची सांगलीची, आता इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथला मुद्दा एवढ्याचसाठी मांडते, की नोंदणी टिकवायला इथे दर तीन वर्षांनी रीव्हॅलिडेशन करावं लागतं. ३५ तासांचं शिक्षण आणि पाच लिखित चिंतनं द्यावी लागतात. म्हणजे 'कामावर काय घडलं, मला काय प्रश्न पडला, मी काय शोधलं' हे नोकरीला लागल्यावरही लिहावंच लागतं. विद्यार्थीदशेत ही सवय नसलेल्या आमच्यासारख्यांना पहिल्या खेपेला ते जड जातं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या इथल्या 'नाइस' संस्थेची तत्त्वं कुणालाही मोफत वाचता येतात, त्यांचा 'संशोधनासाठी शिफारशी' हा भाग मुलांना जरूर दाखवा. अजून कशाचं उत्तर मिळालेलं नाही, याची यादीच तिथे असते.

आता ज्याविषयी अजून कुणी बोललं नाही त्याबद्दल. मुलं चॅटजीपीटीसारखी साधनं वापरणारच. बंदी घालून काही होत नाही. माझा भाचा तिकडे नर्सिंग करतो, त्याला मी एक पद्धत लावून दिली आहे. त्याने आपला प्रश्न लिहायचा आणि चॅटबॉटला सांगायचं, 'उत्तर देऊ नकोस. या प्रश्नात काय धूसर आहे ते मला विचार.' मग ते विचारतं: रुग्णाचं वय? किती दिवसांपासून दाखल? तुलना कशाशी? परिणाम किती दिवसांनी मोजायचा? या उलटतपासणीसाठी ते खरंच चांगलं आहे, रात्री अकराला वसतिगृहात ट्यूटर नसतात तेव्हा तर फारच.

उत्तर मागितलं की मात्र जपायला हवं. ते हुबेहूब खरे वाटणारे संदर्भ रचून देतं, लेखकांची नावं, वर्ष, नियतकालिक, सगळं. म्हणून नियम असा, की चॅटबॉटने सांगितलेला प्रत्येक निबंध पबमेडमध्ये शीर्षकाने शोधायचा. सापडला नाही तर तो नाहीच असं धरायचं. सापडला तर त्याचा सारांश स्वतः वाचायचा, कारण निबंध खरा आणि निष्कर्ष उलटा असंही होतं.

आणि केसपेपरचा फोटो त्यात कधीही टाकायचा नाही. नाव, नोंदणी क्रमांक, गाव, काही नाही. '६८ वर्षांचे पुरुष, पक्षाघात, चौथा दिवस' एवढं प्रश्नासाठी पुरतं.

रात्रपाळी

शेवटचा परिच्छेद ठळक करून प्रत्येक कॉलेजच्या फळ्यावर लावा. फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची सवय आमच्या वॉर्डातही आहे, आणि ती मोडायलाच हवी.

घाटमाथा

आपल्या मातीतलं एक उदाहरण वर्गात नेहमी घेतो, ते इथे देतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने केलेलं नवजात बाळांचं काम १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं. मी मुलांना निबंध आधी देत नाही. फक्त परिस्थिती सांगतो: बाळंतपणं घरी होतात, रुग्णालय लांब आहे, आजारी बाळाला आईबाप नेत नाहीत किंवा नेऊ शकत नाहीत. आता तुम्ही काय विचाराल?

बहुतेक जण लिहितात, 'बालमृत्यू कसे कमी करता येतील?' यात करायचं काय आणि तुलना कशाशी, काहीच नाही. मग खऱ्या अभ्यासाचे चार भाग फळ्यावर मांडतो. गावातली नवजात बाळं. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाईने घरी जाऊन केलेली काळजी, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. ही काळजी मिळालेली ३९ गावं आणि न मिळालेली ४७ गावं. आणि नवजात मृत्यू, घरोघरी जाऊन मोजलेले. तुलनेच्या गावांच्या मानाने ते सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

शेवटच्या भागावर मी जास्त वेळ घालवतो. मृत्यू मोजायचे तर आधी प्रत्येक जन्माची नोंद हवी. रुग्णालयाच्या रजिस्टरवरून हे कळलंच नसतं, कारण ती बाळं रुग्णालयात पोचतच नव्हती. परिणाम कुठे मोजणार, हे प्रश्न लिहितानाच ठरवावं लागतं.

अबोली

हे उदाहरण मी उचलणार.

सगळं वाचून आमच्याकडे काय बदलते ते सांगते. आत्तापर्यंत मुलं वहीत लिहायची, आता गूगल फॉर्म करतेय. पहिला रकाना: 'प्रश्न कसा पडला, जसा बोललात तसा, मराठी चालेल'. दुसरा: 'कुणाला पडला', म्हणजे तुम्हाला, रुग्णाला, नातेवाइकाला की सिस्टरांना. काजवाचा अनुभव वाचून हा घातला. मग चौकटीचे भाग, आणि प्रश्न चौकटीत बसत नसेल तर तसं लिहायची मुभा. शेवटी शोधायला वापरलेले शब्द जसेच्या तसे. सगळी उत्तरं एका शीटमध्ये पडतात, ती पूर्ण वर्गाला दिसेल आणि एकमेकांच्या प्रश्नावर शेरा लिहायची सोय ठेवेन. नावं झाकलेली असतील. पहिल्या वर्षी शेरे 'छान' आणि 'बरोबर' असेच येतील, त्यासाठी थोडा धीर धरावा लागेल.

मार्क पहिल्या खर्ड्याला शून्य. सुधारलेल्या प्रश्नाला आणि तो का बदलला याच्या दोन ओळींना सगळे मार्क. इंग्रजीला मार्क नाहीत. फोन खाटेपाशी काढायचा नाही हा नियम तसाच राहील, कारण रुग्ण बोलत असताना विद्यार्थिनी स्क्रीनकडे बघतेय हे मला चालणार नाही. आणि रात्रपाळी, तुमचं ऐकून एक जोडतेय: दर पोस्टिंगमधला एक प्रश्न, उत्तरासह, अर्ध्या पानावर लिहून इनचार्ज सिस्टरांना द्यायचा. त्यांना पटलं तर फळ्यावर लागेल.

एकच अडचण सुटलेली नाही. साठ मुलांच्या प्रश्नांवर दर आठवड्याला लिहून उत्तर द्यायला एकटी ट्यूटर पुरत नाही. कुणी वरच्या वर्गाला खालच्या वर्गाचे प्रश्न तपासायला लावलेत का?

काजवा

आमच्याकडे सातव्याच्या मुली तिसऱ्याचे प्रश्न बघतात. तपासताना आमचेच प्रश्न सुधारले. मी करायला तयार आहे, शीटची लिंक इथल्या संदेशात पाठवा.

आणि माझा आत्ताचा प्रश्नही इथे टाकते, सांगा कसा आहे. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचं तोंड आम्ही क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसतो. एका सिस्टरांनी सांगितलं, आता नुसता ब्रश करायला सांगतात. 'व्हेंटिलेटरवरील प्रौढ रुग्णांमध्ये क्लोरहेक्सिडीनऐवजी ब्रशने तोंडाची स्वच्छता केल्यास न्यूमोनिया कमी होतो का?'

टाचण

चांगला आहे. अमेरिकेतल्या संसर्गनियंत्रणाच्या संघटनांची २०२२ ची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं आधी उघड. ब्रश करा, पण क्लोरहेक्सिडीन नको, असा बदल त्यांनी केला आहे. तो का केला ते त्यांच्याच मजकुरात आहे.

थेम्सकाठ

आय आणि सी मध्ये गोंधळ होऊ देऊ नकोस. ब्रश विरुद्ध क्लोरहेक्सिडीन, ब्रश अधिक क्लोरहेक्सिडीन विरुद्ध नुसता ब्रश, आणि ब्रश विरुद्ध काहीच नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुला मिळणारे निबंध तिन्हींचे मिसळून येतील.

अबोली

आणि परिणामात फक्त न्यूमोनिया ठेवू नकोस, मृत्यूही लिही. मार्गदर्शक तत्त्वं बदलण्यामागे क्लोरहेक्सिडीनने मृत्यू वाढत असावेत, हीच शंका होती. न्यूमोनियाच शोधलास तर ती तुझ्या नजरेलाच पडणार नाही. सुधारलेला प्रश्न इथे टाक, सगळे मिळून बघू.